ट्रेलरमधला इन्व्हर्टर आणि रामबागेतले बाबा

आमच्या कॅम्पर ट्रेलरचा पहिला फोटो इंदूरला पाठवला, तेव्हा बाबांचं उत्तर आलं, "वरातीमागची जनरेटरची गाडी घेतलीस का?"

दिसतो तसाच. गाडीमागे जोडायची दोन चाकांची पेटी. उघडली की वर तंबू उभा राहतो, बाजूने ओटा बाहेर सरकतो. इथे मेलबर्नमध्ये सलग चार सुट्ट्या आल्या की माणसं घरात थांबत नाहीत, त्यांचं बघून आम्हीही एक जुना ट्रेलर घेतला. विकणाऱ्याने आतला २००० वॅटचा इन्व्हर्टर दाखवला आणि म्हणाला, घरातलं काहीही चालवा. आम्ही त्या 'काहीही'ला भुललो.

ईस्टरच्या सुट्टीत ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात गेलो. विजेची जोडणी नसलेली जागा घेतली होती. भाडं कमी, शेजार कमी, रात्री आकाश भरपूर. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या रात्री साडेदहाला ट्रेलरमधून टीं-टीं सुरू झालं. इन्व्हर्टर ओरडत होता, फ्रिज बंद पडला होता, आत श्रीखंडाचा डबा, दूध आणि मोड आणलेली मटकी. बॅटरीच्या मीटरवर ११.६ व्होल्ट.

खाली रेंज नव्हती. टॉर्च घेऊन चढावर गेले आणि दोन कांड्या दिसल्याबरोबर बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा, त्यांच्या दुसऱ्या चहाची वेळ.

मेकॅनिक सोडून बाबांनाच का, हे इंदूरकरांना सांगायला नको. २००२-०३ चे ते दिवस आठवतात ना? लाइट येण्यापेक्षा जाण्याची वेळ पाठ असायची. पुढे २००३ ची विधानसभा निवडणूकच 'बिजली, सडक, पानी'वर गाजली. रामबागेतल्या आमच्या घरी इन्व्हर्टर आला तो त्याच काळात. जिन्याखाली १५० अँपिअर-अवरची (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर खर्च) ट्युब्युलर बॅटरी आणि शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. पाणी घातलं की बाबा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात 'पाणी' लिहीत, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या बटणांवर आईने नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. दोन पंखे, एक ट्यूब आणि मॅच असेल तर टीव्ही. लाइट गेल्यावर ठिपका नसलेल्या बटणाला कोणी हात लावला तर आजीसुद्धा ओरडायची.

"लोड काढ आधी," बाबा म्हणाले. "सगळं बंद कर आणि अर्ध्या तासाने आकडा बघ. लोडवरचा आकडा खोटा असतो."

अर्ध्या तासाने ११.९ दिसलं. १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी, हे कोष्टक बाबांना तोंडपाठ. "म्हणजे तळ गाठला गं तिने. चालवलंस तरी काय एवढं?"

"काहीच नाही हो बाबा. फक्त फ्रिज. इन्व्हर्टरवर."

"फ्रिज किती व्होल्टचा आहे?"

"दोन्हीवर चालतो. बारावर आणि दोनशेतीसवर."

पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "मग बारातून दोनशेतीस करायचे आणि फ्रिजने ते परत बारावर आणायचे? राजवाड्याहून रामबागेत यायला एअरपोर्टवरून कशाला वळसा घालतेस?"

मला हे सुचायला हवं होतं. प्लग ओळखीचा दिसला आणि मी तो लावून टाकला. पण खरा चोर वेगळाच होता, तो सकाळी कागद-पेन घेतल्यावर सापडला. बॅटरी १०० अँपिअर-अवरची, एजीएम जातीची, म्हणजे लेड-ॲसिडच. फक्त ॲसिड काचतंतूंच्या गादीत जिरवलेलं असतं, पाणी घालायची भानगड नसते. अशी बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेली की लवकर म्हातारी होते. म्हणजे खर्चायला हातात ५०. फ्रिज दिवसाकाठी ३०-३५ खातो. आणि इन्व्हर्टर? त्याला काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी तो दीड अँपिअर ओढत होता. चोवीस तासांचे झाले ३६. फ्रिजइतकंच जेवून बसणारा, काम न करणारा पाहुणा! इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, बॅटरीतलीच रूप बदलून देतो आणि त्याची दलाली घेतो, हे मला रामबागेत कधी जाणवलंच नव्हतं, कारण लाइट आली की तिथली बॅटरी आपोआप भरायची.

इथे भरणार होतं ते सोलरने. २०० वॅटचं घडीचं पॅनेल मी इमानदारीने दक्षिणेकडे तोंड करून मांडलं होतं, कारण बाबांनी गच्चीवर तसंच बसवलंय. तुम्ही हसायच्या आत सांगते, हे माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या लक्षात आलं. दुपारी बाराला त्याने स्वतःची सावली दाखवली आणि विचारलं, "आई, सावली दक्षिणेला पडतेय, मग सूर्य कुठे आहे?" उत्तरेला. दक्षिण गोलार्धात राहून मला आठ वर्षं झाली होती. पॅनेल फिरवलं, गमट्रीच्या, म्हणजे निलगिरीच्या, फांदीच्या सावलीतून ओढून काढलं, आणि मीटरवरचे २ अँपिअर ९ झाले. एका कोपऱ्यावर पडलेली सावली एवढं नुकसान करते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

फ्रिजचं काय केलं? बाबांच्या सांगण्याप्रमाणे उघडला नाही, वरून आजीची गोधडी टाकली आणि सकाळी गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर लावला. श्रीखंडाचा डबा मात्र गोधडी टाकायच्या आधीच बाहेर काढून संपवला होता.

ती बॅटरी नंतर कधी सावरली नाही. रिकामी बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. संध्याकाळी भरलेली दिसायची, सकाळी १२.१. दोष थोडा ट्रेलरच्या वायरिंगचाही होता. गाडी चालताना वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरपासून ट्रेलरपर्यंत सहा-सात मीटर बारीक वायर, वाटेतच व्होल्टेज गळायचं आणि बॅटरी पूर्ण भरायचीच नाही. आता जाड वायर घातली आहे आणि बॅटरीपाशी डीसी-टू-डीसी चार्जर बसवलाय, तो आलेलं व्होल्टेज उचलून बॅटरीला हवं तेवढं करून देतो. गाडी दोन तास चालली की ४०-४५ अँपिअर-अवर जमा.

स्वयंपाकाचा हिशेब मात्र उलटा निघाला. मी घाबरून मिक्सर घरी ठेवणार होते. इंदूरहून आणलेला ५०० वॅटचा मिक्सर इथे फक्त प्लगचा ॲडॉप्टर लावून चालतो, दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झच आहे. तो बॅटरीतून ४५-५० अँपिअर ओढतो, आकडा भयंकर. पण वाटण एका मिनिटात होतं, म्हणजे खर्च एक अँपिअर-अवरसुद्धा नाही. उलट इथली किटली २२०० वॅटची. बारा व्होल्टवर ते २०० अँपिअर होतात आणि बॅटरी भरलेली असली तरी इन्व्हर्टर मान टाकतो. म्हणून तापवायचं ते सगळं गॅसवर. चहा गॅसवर, पोहेही गॅसवर, वरून शेव आणि इंदूरहून आणलेलं जीरावण. फोन, दिवे, फ्रिज थेट बारावर. इन्व्हर्टर फक्त मिक्सरपुरता आणि कधी लॅपटॉपपुरता. त्याच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, पण आमच्याकडे त्याचा अर्थ उलटा: काम झालं की बंद कर.

नवी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. वजन जुनीच्या निम्म्याहून कमी आणि १०० मधले ८०-९० बिनधास्त वापरता येतात. शून्याखालच्या थंडीत मात्र ती चार्ज करायची नाही, म्हणून बर्फाच्या दिवसांत आम्ही डोंगरात जात नाही (तशीही माझी तयारी नसते).

बाबांचं आणि तिचं काही जमत नाही. दर सहलीत सकाळी फोन येतो, "आज किती?" मी १३.२ म्हणते. "जास्त आहे, ओव्हरचार्ज होतेय," ते म्हणतात. मी सांगते की हिचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत तेवढंच राहतं, त्यावरून काही कळत नाही. आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा शंट लावलाय, त्यावर टक्के बघायचे. "मग टक्के किती?" बहात्तर. पलीकडे पेन्सिलीचा आवाज येतो. परवा व्हिडिओ कॉलवर बहिणीने कालनिर्णय कॅमेऱ्यासमोर धरलं. 'पाणी' लिहिलेल्या चौकोनाशेजारी बाबांच्या बारीक अक्षरात 'मेल. ७२' होतं, आणि त्याखाली प्रश्नचिन्ह घालून 'पाणी कुठून घालतात?'