दप्तरातला टॅब : माझा अनुभव

आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत, ऑटिझम आहे. बोलतो, पण स्वतःचं कमी आणि ऐकलेलं जास्त. ट्रान्स हार्बर लोकलची अनाउन्समेंट अख्खी पाठ, 'पुढील स्टेशन रबाळे' अगदी त्या बाईच्या सुरात, पण पाणी हवं असेल तर माझा हात धरून बाटलीपर्यंत ओढत नेणार.

थेरपिस्ट मॅडमनी जेलो नावाचं ॲप सांगितलं. आयआयटी मुंबईत बनलंय, फुकट आहे आणि मराठीत बोलतं. चित्र दाबायचं, मग कडेचं 'आवडतं', 'नको', 'अजून' असलं बटण दाबायचं, की ॲप पूर्ण वाक्य बोलतं. सासूबाईंना भीती की आता हा बोलायचंच सोडेल, खरं सांगते मलाही होती, पण तसं होत नाही, उलट काही मुलांचं बोलणं वाढतं. घरी दीड महिन्यात जमलं.

खरी कसरत शाळेत. 'टॅब अलाउड नाही', विषय संपला. मी यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स आणि अर्ज दिला, २०१६च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, कलम १६ प्रमाणे मुलाच्या गरजेनुसार सोय करायची असते वगैरे सगळं लिहिलं. दोन चकरा फुकट गेल्या. तिसऱ्यांदा सिम नसलेला टॅब घेऊन गेले, यूट्यूब काढलेलं, जेलो स्क्रीनवर पिन केलेलं म्हणजे दुसरं काही उघडायला नको. टॅब क्लासटीचरच्या हातात दिला आणि म्हटलं, मॅडम, आता तोंडाने न बोलता माझ्याकडे पाणी मागा. त्या चित्र शोधत बसल्या, एकदा चुकून भलतंच दाबलं, मग हसल्या आणि म्हणाल्या, "एक महिना बघू."

पहिला आठवडा नुसता गोंधळ. चार्जिंग संपलं, आवाज फुल राहिला, बाकीची पोरं भोवती जमून 'अजून अजून' दाबत बसली. आणि एक दिवस डायरीत शेरा आला, 'त्रास दिला म्हणून टॅब काढून ठेवला.' डोकंच फिरलं माझं. अहो, बोलक्या मुलाने मस्ती केली तर त्याचं तोंड बांधून ठेवता का? भांडले नाही, पण हेच वाक्य जरा गोड करून बोलले. टॅब बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही, एवढं त्यांच्याकडून मान्य करून घेतलं. सोबत बारा चित्रं प्रिंट करून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतली, चार्जिंग संपलं तर ती चित्रं लावलेली वेल्क्रोची पाटी दप्तरात असतेच.

फरक पडला तो क्लासटीचर मॅडम स्वतः वापरायला लागल्यावर. 'वही काढा' म्हणताना त्या त्याच्यासमोर वहीचं चित्रही दाबतात. तोपर्यंत त्याला वाटत असणार की ही भाषा घरातल्यांचीच.

खिडकीजवळच्या बाकावर तो सारखा कान झाकायचा, सगळ्यांना वाटायचं सवय आहे त्याची. वर्गातल्या वस्तूंचे फोटो आम्ही ॲपमध्ये टाकले होते, त्यात फॅनही होता. जुलैत एक दिवस त्याने फॅन आणि 'आवडत नाही' चार वेळा दाबलं. मॅडमनी वर बघितलं, फॅन खडखड करत होता. वर्षभर तसाच करत असेल, कुणाचं लक्षच नाही. त्याच दिवशी बाक दुसऱ्या कोपऱ्यात हलवला. फॅन अजून दुरुस्त व्हायचाय.