हॉपकिन्स की रटगर्स? प्रीमेडवाल्यांसाठी थोडा हिशेब

एका हातात जॉन्स हॉपकिन्स या नामांकित खासगी विद्यापीठाचं प्रवेशपत्र, दुसऱ्या हातात न्यू जर्सीच्या सरकारी रटगर्सचं. मुलीला डॉक्टर व्हायचंय आणि १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचंय. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत अशा वेळी ओळखीतला प्रत्येक जण सांगतो, "हॉपकिन्स मिळालंय ना, मग विचार कसला करता?" हॉपकिन्स उत्तमच आहे. पण मेडिकलच्या प्रवेशात पदवी कुठून घेतली यापेक्षा जीपीए (ग्रेडची ४.० पैकी सरासरी), एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि डोक्यावरचं कर्ज यांचं वजन बरंच जास्त पडतं.

भारतातल्या आजी-आजोबांना आधी एवढं सांगावं लागतं की इथे बारावीनंतर थेट एमबीबीएस नाही. चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल. 'प्रीमेड' म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, त्या नावाची पदवी नाही. विषय कुठलाही घ्या, इतिहाससुद्धा चालतो. मात्र बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स हे लॅबसकट साधारण एकेक वर्ष, आणि वर बायोकेमिस्ट्री, एवढं झालेलं लागतं. हे सगळं दोन्हीकडे मिळतं.

फरक पडतो ग्रेडमध्ये. मेडिकलचे बहुतेक अर्ज ज्या एएमसीएएस या सामाईक अर्जव्यवस्थेमार्फत जातात, ती तुमच्या प्रत्येक कॉलेजची प्रत्येक ग्रेड मोजते. विषय परत घेतला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात. शिवाय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा निघतो. समजा या विषयांचे एकूण ५० क्रेडिट (कोर्सच्या वजनाचं माप) झाले. पहिल्या दोन वर्षांतल्या २८ क्रेडिटना सरसकट बी मिळाला, म्हणजे ३.०. पुढच्या २२ ना सरसकट ए, म्हणजे ४.०. बेरीज १७२, भागिले ५०: ३.४४. प्रवेश मिळालेल्यांचा एकूण जीपीए सरासरी ३.८ च्या आसपास आहे, एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२. शेवटची दोन वर्षं निष्कलंक काढूनही खड्डा पूर्ण भरत नाही, तो असा. आणि मोठ्या कॉलेजचं नाव बघून कमी जीपीएकडे कानाडोळा होईल, या भरवशावर राहू नये.

म्हणून कॅम्पस टूरवर डायनिंग हॉल बघण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या प्रीमेड मुलांना गाठा आणि विचारा: ऑरगॅनिकचा कर्व्ह, म्हणजे वर्गाच्या तुलनेत ठरणारी सरासरी ग्रेड, कशावर ठेवतात, बी की बी प्लसवर? परीक्षा किती, त्यातली सर्वांत कमी मार्कांची एखादी सोडून देतात का? कोर्स सोडायची शेवटची तारीख पहिल्या परीक्षेचे मार्क कळायच्या आधी येते की नंतर? मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत शेकड्यांनी भरलेला लेक्चर हॉल असतो, तिथेही गाळण होतेच. पण जिथे वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण आपल्या शाळेचा टॉपर होता, तिथे कर्व्हच्या वरच्या भागात बसणं अवघड जातं. एपीचे (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज दर्जाच्या कोर्सचे) क्रेडिटही जपून वापरा. कॉलेज ते देईल, पण अनेक मेडिकल स्कूल एपीवर बेसिक विषय भागवू देत नाहीत, किंवा त्याच विषयातला वरचा कोर्स मागतात.

"आमच्या ८५ टक्के मुलांना मेडिकल मिळतं" हे वाक्य कुठेही ऐकलं तर छेद काय आहे ते विचारा. देशभरात २०२३-२४ साली साडेबावन्न हजारांनी अर्ज केले आणि सुमारे तेवीस हजार आत गेले, म्हणजे ४४ टक्के. कॉलेजचा आकडा त्याच्या दुप्पट दिसतो, तेव्हा त्यात बऱ्याचदा अर्जाआधीची चाळणी असते. काही ठिकाणी समिती शिफारसपत्र देते, आणि जीपीए कमी असेल तर देत नाही किंवा थांबायला सांगते. पहिल्या सेमिस्टरला प्रीमेड म्हणून किती आले आणि त्यातल्या किती जणांनी प्रत्यक्ष अर्ज केला? कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल स्कूलमधल्या जागाही धरल्यात का? ज्या ऑफिसात याची सरळ उत्तरं मिळतात, तिथला ॲडव्हायझर पुढेही कामाचा निघतो.

आता पैसे. कॉलेजकडून आर्थिक मदत न मिळाल्यास हॉपकिन्सचा राहण्या-खाण्यासकट खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात जातो, रटगर्सचा राज्यातल्या मुलांसाठी ३५ ते ४० हजार. चार वर्षांत फरक दोन लाखांचा. आणि आता नियम बदललेत: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी) कर्ज बंद, मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाखांपर्यंतच. पालकांच्या प्लस कर्जालाही एका मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आली. म्हणजे पदवीतच गंगाजळी संपली, तर मेडिकलला खासगी बँकेच्या दारात जावं लागेल. आम्ही तरी मदत न मिळालेल्या मध्यमवर्गीय घराला रटगर्सच सांगू. "हॉपकिन्सचं मेडिकल फुकट झालं" हे अर्धसत्य आहे. २०२४ पासून तीन लाखांखालच्या उत्पन्नाच्या घरांना तिथल्या मेडिकल स्कूलची ट्यूशन माफ आहे, पण पदवी तिथून घेतली म्हणून त्या शाळेत जागा राखीव नसते.

राज्याबाहेर शिकल्याने न्यू जर्सीचं रहिवासीपण सहसा जात नाही. घर इथेच असेल तर रटगर्सच्या मेडिकल स्कूलला तुम्ही राज्यातलेच.

एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांचं गणित मात्र वेगळं. वयाच्या २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो आणि बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. म्हणजे ऐन मेडिकलच्या अर्जाच्या सुमारास तुम्ही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ठरता. अनेक मेडिकल स्कूल, विशेषतः सरकारी, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, आणि सरकारी कर्जही मिळत नाही. ग्रीन कार्ड त्याआधी येण्याची आशा नसेल, तर प्रीमेडसोबत पोटापाण्याला उभं करणारा दुसरा विषय जिथे घेता येईल, ते कॉलेज निवडा.

डिपॉझिट भरण्याआधी हॉपकिन्सच्या मदत कार्यालयाला फेरविचाराचं पत्र जरूर लिहा. नोकरी गेली असेल, घरात दुसरं मूल कॉलेजात असेल किंवा भारतातल्या आई-वडिलांच्या उपचारांचा खर्च असेल, तर कागद जोडा. उत्तराला वेळ लागतो, त्यामुळे पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच गेलेलं बरं.