पत्र्याचा ट्रे, सिमेंटचा ट्रे : आमची वाटचाल

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आमच्या वर्कशॉपला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सिन्नरला एक गाळा, एक वेल्डिंग मशीन आणि दोघे भागीदार. फीडर (खाद्याची भांडी), ड्रिंकर (पाण्याची भांडी), पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरच्या छत्र्या, पिल्लांभोवती लावायचे चिक गार्डचे पत्रे असा पोल्ट्रीचा माल. देशात कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदाच सापडला होता. नवापूर कुठे, आम्ही कुठे, पण आठवड्याभरात हातातल्या सगळ्या ऑर्डरी गेल्या. भागीदार ग्रिलच्या धंद्यात गेला. त्याचं काही चुकलं नाही. वेल्डिंग मशीनमधला त्याचा वाटा मात्र त्याने मागितला नाही. ते मशीन अजून चालतं.

एकच ऑर्डर टिकली, कोंबड्या पाळणाऱ्या एका काकूंची. बारा ड्रिंकर सांगितले होते, न्यायला स्वतः एसटीने आल्या. मी म्हटलं, "काकू, शेड रिकामं, ड्रिंकर कशाला नेता?" तर म्हणाल्या, "आज ना उद्या पक्षी येतील, तेव्हा तहानलेलेच येतील ना."

२००७ ते २०१९ बद्दल सांगण्यासारखं काही नाही. धंदा चालला, पोरांची शिक्षणं झाली.

देशाला टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० ला. पोल्ट्रीवाल्याची वाट त्याच्या महिनाभर आधीच लागली होती. चिकन खाल्लं की कोरोना होतो, हे मोबाईलवरून घरोघरी गेलं. किलोमागे सत्तर-पंचाहत्तर रुपये घालून वाढवलेला पक्षी दहा रुपयांनाही कुणी उचलेना. बरं, पक्षी थांबत नाही. विक्रीचा बेचाळिसावा दिवस उलटला तरी खाद्य मागतोच. कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्यांचं पिल्लू-खाद्य कंपनीचं, त्यांची नुसती बॅच बुडाली. स्वतःचं भांडवल घालणारे पुरते बसले. काकू त्यांतल्याच. तीन हजारांचं शेड. शेवटी त्यांनी पायांना सुतळी बांधून जोड्या केल्या आणि गावात फुकट वाटल्या. फुकट नेणारेसुद्धा कुंपणाबाहेरून हात लांब करून घेत होते, हे त्यांना फार लागलं.

आमची उधारी सगळी अडकली. हप्त्यांना तीन महिने सवलत मिळाली म्हणून गाळा राहिला. व्याज चालूच होतं, ते कुणी सांगत नव्हतं.

अशात शहरातला एक माल विकणारा (नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील) 'कोरोनामुक्त पोल्ट्री' असे बोर्ड आणि सोबत कसलासा फवारा विकून गेला. कोंबडीला हा कोरोना होतच नाही, तर मुक्त कशापासून? बोर्ड वाचून गिऱ्हाईक विचारायचं, "म्हणजे आधी होता का?" पण त्याचे बोर्ड खपले आणि आमचे ट्रे पडून राहिले.

ट्रेची गोष्ट अशी. जूनमध्ये काकू फोनवर म्हणाल्या, "घरात शिरताना सगळे हात धुतात, शेडमध्ये शिरताना पाय कोण धुतं?" फूटबाथ, म्हणजे शेडच्या दारात पाय बुडवायला ठेवलेलं जंतुनाशकाचं पाणी, पुस्तकात सगळ्यांना माहीत, दारात कुणाच्याच नाही. मी वीस गेज पत्र्याचा, तीन फूट बाय दोन फूट, चार इंच खोल ट्रे केला. एक पाऊल चुकवून जाता येऊ नये एवढा लांब. कसेबसे चाळीसच नग गेले. जानेवारी २०२१ ला परभणीतल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. आता फोनवर फोन, निम्मे मागणीचे आणि निम्मे शिव्यांचे. ब्लीचिंग पावडरने वेल्डिंगचे सांधे खाल्ले होते. ट्रे गळत होते. एवढी वर्षं लोखंडात घालवून ही चूक माझी! चाळीसच्या चाळीस परत घेतले.

मग ट्रे विकायचा सोडून साचा केला. चार पट्ट्या, आठ बोल्ट. शेतकऱ्याने दारात ठेवायचा, आपल्याच सिमेंटचा माल ओतायचा, दुसऱ्या दिवशी साचा सोडून शेजाऱ्याला द्यायचा. साचा आम्ही भाड्याने देतो. सहा महिन्यांत तोच बोर्डवाला तोच आकार फायबरमध्ये घेऊन आला आणि एका मेळाव्यात त्याला शाल-श्रीफळ मिळालं. मी मागच्या रांगेत होतो.

विचारलं नाही तरी सांगतो. फूटबाथमध्ये शेण-माती गेली की औषध मेलं. आधी ब्रशने तळवा घासा, मग पाय बुडवा, आणि पाणी रोज बदला. शेडच्या आत वेगळ्या चपला ठेवा, डॉक्टरांसाठीसुद्धा. अंड्यांचे कागदी ट्रे या शेडमधून त्या शेडमध्ये फिरवू नका, कागद धुता येत नाही. जंतू मारायला रिकाम्या शेडला धुरी देताना पोटॅशियम परमँगनेट आधी भांड्यात, फॉर्मलिन वरून, आणि लगेच बाहेर. भांडं मातीचं, खोल. प्लास्टिकचं वापराल तर वितळेल. आणि मरतुकीची, म्हणजे रोज किती पक्षी मेले त्याची, वही रोज लिहा. एका दिवसात आकडा चढला तर लपवून पक्षी पुरू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. बर्ड फ्लूत भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. हे गणित कळायला लोकांना शेड रिकामं व्हावं लागतं.

मागच्या आठवड्यात काकू आल्या. सुनेचं शेड वेगळं उभं राहतंय, त्यासाठी साचा आणि बारा ड्रिंकर हवेत. पिशवीतून २००६ चे तीन ड्रिंकर काढून टेबलावर ठेवले. "नऊ चालतात. या तिघांचं काय ते बघ."