झबली, टोपडी आणि साडेदहाची वेळ

आमच्याकडे तान्ह्या बाळांचे कपडे घ्यायला पहिल्यांदा येणारी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: झबल्याला बटणं का नाहीत? पहिल्या तीन महिन्यांच्या झबल्यांना आम्ही फक्त बंद लावतो, तेही आखूड. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवतो. तान्हं बाळ दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेलं असतं, आणि आत राहिलेली एवढीशी शिवणही काखेत लाल वळ उठवते. हे मला माझ्या आईकडून कळलं. थोरलीच्या वेळी मिरजेहून आलेल्या बाळंतविड्यात सगळी झबली अशीच होती, आईच्या जुन्या सुती साडीतून बेतलेली, हातानं शिवलेली. दुकानातलं झबलं घातलं की पोर किरकिरायची, आजीचं घातलं की झोपायची. आमच्या धंद्याचं मूळ तिथे आहे, पण ते माझ्या लक्षात यायला पुढे सात वर्षं गेली.

थोरली २०१२ च्या मार्चमधली. मी तेव्हा हिंजवडीतल्या एका कंपनीत पगारपत्रकाचं काम करत होते. बाळंतपणाची भरपगारी रजा तेव्हा १२ आठवड्यांची होती. इतर बायकांच्या रजांचे हिशेब माझ्याच हातून जायचे, त्यामुळे ८४ दिवस हा आकडा मला पाठ होता. चौऱ्याऐंशी दिवसांचं बाळ केवढं असतं, ते स्वतःचं मांडीवर घेतल्यावर कळलं. नुकतंच मान धरायला लागलेलं असतं. घरी सासूबाई होत्या, त्यांनी तिला पदरात घेतली, म्हणून मी कामावर जाऊ शकले.

धाकटा २०१७ च्या जुलैत झाला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून कायदा बदलला होता आणि रजा २६ आठवड्यांची झाली होती. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे, असंही त्यात आलं. मी आनंदाने विभागातल्या सगळ्यांना ते समजावून सांगितलं होतं. आमच्या ऑफिसातलं पाळणाघर मात्र मी नोकरी सोडेपर्यंत कागदावरच राहिलं. सासूबाईंचे गुडघे तोवर फार दुखायला लागले होते, त्यांच्या अंगावर दोन मुलं टाकणं मला बरोबर वाटेना. धाकट्याला घराजवळच्या पाळणाघरात ठेवलं. तिथल्या मावशी फार चांगल्या होत्या. रोज एका वहीत लिहून द्यायच्या: अकरा वाजता वरणभात, दोन वेळा शी, दीड तास झोप. एका संध्याकाळी त्या वहीत दोनच शब्द जास्तीचे होते. ‘आज चालला.’

ती वही माझ्याकडे अजून आहे. मावशींचा काही दोष नव्हता, ऑफिसातल्या कुणाचाही नव्हता. पण माझ्या मुलाचा दिवस मी वाचत होते, ही गोष्ट त्यानंतर मनातून जाईना. चार-पाच महिने मी आणि नवऱ्याने घराचे हप्ते, शाळेची फी, सासूबाईंची औषधं मांडून पाहिली. किती महिने एका पगारात निघतील ते काढलं आणि २०१८ च्या नोव्हेंबरात मी राजीनामा दिला. पहिल्या महिन्याच्या एक तारखेला खात्यात काही जमा झालं नाही, तेव्हा पोटात खड्डा पडला. अकरा वर्षांची सवय होती ती.

मैत्रिणीच्या बहिणीला बाळ होणार होतं, तिच्यासाठी मी आईच्या पद्धतीची सहा झबली, तीन टोपडी, एक कुंची आणि चार दुपटी शिवली. नंतर तिच्या ओळखीतून दोन मागण्या आल्या, मग पाच. सुरुवातीला कापड रविवार पेठेतून किरकोळ आणायचे. मग आईने सुचवलं, मिरजेहून इचलकरंजी जवळ आहे, तिथूनच मलमलीचे तागे घे. भाव उतरला, पण पहिल्याच ताग्याने धडा दिला. न धुता बेतलेली झबली पहिल्या धुण्यात अशी आटली की बाळाच्या बेंबीपर्यंतच आली. तेव्हापासून अख्खा तागा आधी रात्रभर पाण्यात, मग गच्चीवर, आणि वाळल्यावरच कातरीखाली, हा नियम आहे. पावसाळ्यात गच्ची उपयोगाची नसते, म्हणून मे महिन्यातच चार महिन्यांचं कापड धुऊन ठेवतो. त्यात भांडवल अडकतं, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

२०१९ मध्ये सरकारच्या मुद्रा योजनेतून ‘शिशु’, म्हणजे सगळ्यात लहान कर्जांच्या गटातलं ५० हजारांचं कर्ज घेतलं. त्यातून एक वापरलेलं जुकी शिलाई मशीन आणि कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक मशीन घेतलं. दोघी ताई कामाला यायला लागल्या.

त्या वर्षाबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी, कारण ती बऱ्याच जणींच्या वाट्याला येते. मी घरात बसून काम करते म्हणजे मी घरी असते, असं सगळ्यांनी धरलं. गॅसवाला, शाळेची मीटिंग, पाहुणे, सासूबाईंची तपासणी, सगळं माझ्यावर आलं. नवऱ्यानेही तसंच धरलं होतं. ‘घरबसल्या उद्योग’ हा शब्द मला तेव्हापासून पटत नाही. बसायला वेळ कुठे होता? एका रात्री मी दिवसाचे तास कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचे दोन्ही डबे आणि मुलांना बसपर्यंत सोडणं त्याच्याकडे गेलं, ते आजपर्यंत. थोरलीला बाबाच्या हातची मेथीची भाजी माझ्यापेक्षा जास्त आवडते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळंच थांबलं. जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाल्यावर टेम्पो करून मशीन ताईंच्या घरी पोचवली. काही महिने कापडी मास्क शिवले, त्यावर पगार निघाले. थोरलीची शाळा मोबाइलवर, धाकटा तीन वर्षांचा, आणि मोबाइल घरात दोनच. माझ्या ग्राहकांचे फोन तिच्या गणिताच्या तासात यायचे.

आणि मग २०२१ ची संक्रांत. आमचा सगळ्यात मोठा हंगाम हाच असतो. बाळाची पहिली संक्रांत म्हणजे बोरन्हाण, आणि त्याला काळं झबलं लागतं, हलव्याच्या दागिन्यांखाली शोभेल असं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे मागणी महिनाभर टिकते. त्या वर्षी काळं कापड नेहमीच्या माणसाकडून मिळालं नाही. दुसरीकडून रंगवून घेतलं. १२० झबली शिवली, त्यांतली ऐंशीच्या वर विकली गेली. १४ जानेवारीच्या संध्याकाळी एका आईचा फोटो आला. बाळाच्या गळ्याला आणि काखेत काळपट निळा डाग. रंग नीट धुऊन काढलेलाच नव्हता, बाळाच्या घामाने तो सुटला होता. सुदैवाने पुरळ वगैरे काही नव्हतं, दोन अंघोळींत डाग गेला. पण तो फोटो बघताना माझे हात थरथरत होते. ज्या कारणासाठी मी हे काम सुरू केलं, बाळाच्या अंगाला कापडाचा त्रास होऊ नये, तेच मी चुकवलं होतं.

त्या रात्री थोरलीला ताप होता. मी तिच्या उशाशी बसून एकेका ग्राहकाला फोन केला. काहींच्या घरी बोरन्हाण दुसऱ्या दिवशी होतं. झबलं घालू नका, पैसे परत करते, हे सांगताना प्रत्येक वेळी घसा दाटून यायचा. रागावल्या दोघीच. एक आजीबाई म्हणाल्या, “अगं, आधी लेकीच्या कपाळावर पट्टी ठेव, झबल्याचं उद्या बघू.” सगळे पैसे परत दिले. उरलेली झबली मी विकली नाहीत, त्यांच्या कातरणातून मशीन पुसायची फडकी केली. आता कोणतंही रंगीत कापड आलं की त्याच्या दोन टोकांवर आणि मध्ये ओलं पांढरं फडकं जोरात घासून बघतो. फडक्यावर जराही रंग उतरला तर तागा परत जातो, मग हंगाम असो नसो.

पगाराची पद्धत बदलायचं मी त्याच वर्षी ठरवलं. तोवर आम्ही सगळे करतात तसं नगावर पैसे द्यायचो. जेवढी झबली तेवढे रुपये. हिशेबाला ते सोपं असतं, मालकाला सोयीचं असतं. पण माझ्या लक्षात आलं की कुणाचं मूल आजारी पडलं की त्या आठवड्यात तिच्या घरात पैसे कमी जातात आणि औषधाचा खर्च वाढतो, दोन्ही एकदम. मी जिथे पगारपत्रकं बनवली तिथे निदान आजारपणाची रजा होती. एप्रिल २०२२ पासून सगळ्यांना महिन्याचा ठरलेला पगार आणि भरपगारी रजा सुरू केली. काम घटेल, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. पहिले दोन महिने घटलंही. नंतर परत आलेला माल निम्म्याहून कमी झाला, कारण घाईने ओढलेले टाके बंद झाले.

आमची वेळ साडेदहा ते साडेचार. मुलं शाळेत जाऊन घर आवरून यायला साडेदहा होतात आणि पाचला शाळेची बस दारात येते, म्हणून ही वेळ. व्यापारी सकाळी नऊला फोन करून चिडतात, त्यांना मी हेच कारण सांगते. मे महिन्यात मागच्या खोलीत सतरंजी असते आणि चार-पाच मुलं तिथे पत्ते खेळत असतात.

आता आम्ही नऊ जणी आहोत. दहावी घेतली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होईल, तीही घ्यायची आहे, येत्या दिवाळीनंतर. हिशेब मी करून ठेवला आहे.

गेल्या महिन्यात एका मोठ्या दुकानाने ६०० बाळंतविडे मागितले, फेब्रुवारीअखेर द्यायचे. तो आकडा ऐकून मी दोन रात्री झोपले नाही. पण आमच्यातल्या तिघींची मुलं दहावी-बारावीला आहेत, त्या फेब्रुवारीत जास्तीचे तास बसू शकणार नाहीत आणि मी बसा म्हणणार नाही. मी २५० कळवले. दुकानाने दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं. मलमलीचे पहिले चार तागे काल रात्री भिजत घातले. आज सकाळी थोरली शाळेत जाण्याआधी माझ्याबरोबर गच्चीवर आली आणि दोरीची दुसरी बाजू धरून उभी राहिली.