ताईला सोडायला स्पीडस्टरच्या प्रतिकृतीतून

ताईची बदली झाली आणि तिला नव्या गावी सोडायला जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी भाड्याच्या गाडीचा आग्रह धरला. जायचे 320 किलोमीटर, यायचे तेवढेच, मध्ये मोठा घाट आणि दिवस पावसाचे. मी म्हटलं, आपली गाडी आहे की. चौदा महिने हीच गाडी मी रोज ऑफिसला नेतोय. लांबच्या रस्त्याला तिच्यावर भरवसा नसेल, तर रोज तरी कुठल्या भरवशावर बसतो? ताई म्हणाली, "बसते बाबा. पण सामान मावेल का, ते आधी सांग."

गाडी म्हणजे पोर्श 356 स्पीडस्टरची किटमधून बांधलेली प्रतिकृती. मूळ स्पीडस्टर 1954 साली आली. पोर्शच्या गाड्या अमेरिकेत आयात करणारे मॅक्स हॉफमन यांना स्वस्त, हलकी, उघडी गाडी हवी होती. म्हणून तिला बुटकी काच, खिडक्यांच्या जागी काढता-घालता येणारे पडदे आणि जेमतेम डोकं झाकणारं छत मिळालं. माझ्या गाडीत हे सगळं तसंच आहे, पण फायबरच्या अंगाखाली फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा आणि तिचंच 1600 सीसीचं, हवेने थंड होणारं इंजिन आहे. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2400 मिलिमीटर, 356 चं 2100. म्हणून किट चढवण्याआधी सांगाडा मधून सुमारे 30 सेंटीमीटर कापून पुन्हा जोडलेला असतो. अशी गाडी विकत घेणाऱ्याने रंगाकडे नंतर बघावं. आधी आतला गालिचा उचलून तो जोड पाहावा. वेल्डिंग सलग आहे का, गंज धरलाय का, गिअरच्या कांडीपासून मागे गिअरबॉक्सपर्यंत जाणारा दांडा कापून जोडताना तिरका तर झाला नाही ना. दांडा चुकला असेल तर गिअर हुडकत बसावं लागतं, आणि रोजच्या गर्दीत त्याने जीव नकोसा होतो.

माझं ठाम मत असं की, रोज वापरायची असेल तर ही गाडी पोर्श नाही, बीटल आहे, हे मनाशी पक्कं करावं. तिचे सुटे भाग बीटलचे, दुखणी बीटलची. 2 कोटी 10 लाखांहून जास्त बीटल बनल्या, शेवटची 2003 साली. त्यामुळे या इंजिनाची जवळपास प्रत्येक वस्तू आजही नवी मिळते. प्रतिकृती रोज चालवणं शक्य होतं ते यामुळेच.

पहाटे साडेपाचला निघालो. त्याआधी दहा मिनिटं मागचं झाकण उघडून बसलो, जसा रोज पाच मिनिटं बसतो. ऑइलची पातळी आधी. या इंजिनात ऑइल मावतं अवघं अडीच लिटर, फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणजे ते कमी झालेलं चालत नाही आणि जुनं झालेलंही चालत नाही. मी दर 5000 किलोमीटरला बदलतो आणि त्याच वेळी टॅपेटही, म्हणजे इंजिनाच्या झडपांजवळची फट, लावून घेतो, इंजिन पूर्ण गार असताना 0.15 मिलिमीटरवर. मग पेट्रोलचा पाइप बोटांनी चाचपायचा. टाकी पुढे, इंजिन मागे, म्हणजे पेट्रोल अख्ख्या गाडीच्या पोटातून जातं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर कडक होऊन चिरतं. कार्ब्युरेटरच्या तोंडाची पितळी नळी सैल होऊन निसटू शकते, आणि ती निसटली की पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर. हवेने थंड होणाऱ्या गाड्या जळतात त्या बहुतेक अशाच. माझ्याकडे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे आहेत, प्रत्येक टोकाला क्लॅम्प आहे आणि सीटखाली आग विझवायचं नळकांडं आहे. यात काटकसर करू नका, एवढी कळकळीची विनंती.

सामानाचं म्हणाल तर कडक बॅगा घरीच ठेवा. पुढच्या बॉनेटखाली टाकीच्या वर जी उथळ जागा आहे, तिथे मऊ पिशव्याच बसतात. सीटच्या मागे आणखी दोन मावतात. ताईचे कपडे मावले, पुस्तकं मागाहून पाठवली.

पहिले 150 किलोमीटर सुरेख गेले. मग घाट लागला, आणि चढावर तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी लाल दिवा लागला. चार्जिंगचा.

बऱ्याच गाड्यांत नुसतं चार्जिंग बंद पडून हा दिवा लागला तर बॅटरीच्या जोरावर गॅरेजपर्यंत जाता येतं. या इंजिनात नाही. जो पट्टा डायनॅमो फिरवतो, तोच डायनॅमोच्या दुसऱ्या टोकाचा पंखाही फिरवतो, आणि इंजिनाला थंड ठेवणारा तो एकच पंखा. पट्टा तुटला की थंडावा संपला. चढावर असं दोन-तीन किलोमीटर रेटलं तर इंजिन कायमचं जायचं. मी तिथल्या तिथे कडेला घेतली आणि चावी फिरवून बंद केली.

झाकण उघडलं तर पुलीवर पट्टाच नाही, खाली पत्र्यावर काळ्या दोऱ्यासारखा पडलेला. त्याच्या आतल्या बाजूच्या बारीक चिरा मी महिनाभर पाहत होतो आणि 'अजून चालेल' म्हणत होतो. तसं म्हणू नका. चीर दिसली की पट्टा बदला.

अर्धा तास इंजिन निवू दिलं. नवा पट्टा, 21 चा पाना आणि जाड स्क्रू ड्रायव्हर, हे तिन्ही कायम गाडीत असतात. डायनॅमोच्या पुलीचे दोन अर्धे भाग असतात. आतल्या भागाला एक खाच आहे. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून वरच्या बोल्टला टेकवायचा, म्हणजे पुली फिरत नाही आणि नट सुटतो. दोन भागांच्या मध्ये पातळ वॉशर असतात, आणि पट्ट्याचा ताण ठरतो तो त्यांच्यावर. मधला वॉशर काढला की पट्टा आवळतो, घातला की सैल होतो. काढलेले वॉशर फेकायचे नाहीत. ते नटाखाली बाहेरच्या बाजूला लावून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी हाताशी सापडतात. ताई मोबाइलचा उजेड धरून उभी होती. तिच्या हातात मी एकेक वॉशर देत होतो आणि ती मोजत होती: "सात. आठ. हा वाकलाय रे, हा नको घालूस." अंगठ्याने दाबून पट्टा दीड सेंटीमीटर खाली गेला, तेव्हा नट आवळला. फार ताणलात तर डायनॅमोचे बेअरिंग जातात, फार सैल ठेवलात तर पंखा पुरेसा फिरत नाही. पुन्हा चालू केली, दिवा विझला, आणि आम्ही घाट चढलो. एकूण पाऊण तास मोडला.

उतरणीवर पाऊस आला. इथे नवख्या माणसाने जपावं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं, पुढचं तोंड हलकं, आणि माझ्या सांगाड्याला जुन्या पद्धतीचा स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे मागचं प्रत्येक चाक गिअरबॉक्सपाशी बिजागरीसारखं वर-खाली झुलतं. वळणात वेगाने शिरून मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची चाकं आत दुमडतात आणि गाडी शेपटीने बाहेर जाते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात पाय स्थिर. मागच्या टायरमध्ये हवा नेहमी पुढच्यापेक्षा जास्त, मी पुढे 18 आणि मागे 26 पीएसआय ठेवतो. ब्रेक चारही ड्रमचे आहेत. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ते क्षणभर धरत नाहीत, तेव्हा हळू चालवत हलकेच दाबून वाळवून घ्यायचे. यात एबीएस नाही, एअरबॅग नाही. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवणं एवढंच आपल्या हातात.

छत गळलं, पण थोडं. काच मात्र आतून धुरकटली, कारण बीटलचा हीटर या अंगात बसवलेलाच नाही. ताई दर पाच मिनिटांनी कापडाने पुसत होती. तिला उतरवताना तिच्या गुडघ्यांवरची चादर ओली होती, आणि तरी ती म्हणाली, "पुढच्या वेळी न्यायला पण हीच आण." मला फार बरं वाटलं.

परतीला मी एकटा. अंधार पडता पडता मागून एका ट्रकवाल्याने सारखे दिवे मारले. थांबून पाहिलं तर डावा मागचा दिवा काजव्यासारखा मिणमिणत होता. फायबरच्या गाडीत हे हमखास होतं. बीटलचं अंग लोखंडी, त्यामुळे तिथे पत्राच अर्थिंगचं काम करतो. फायबरमधून वीज जात नाही. इथे प्रत्येक दिव्याला सांगाड्यापर्यंत नेलेली वेगळी अर्थिंगची वायर लागते, आणि तिचं टोक ओलाव्याने गंजतं. दिवा मंद झाला तर बल्ब बदलू नका, आधी ते टोक घासा. पॉलिश पेपरच्या तुकड्याने घासलं, पुन्हा आवळलं, दिवा लख्ख. त्या ट्रकवाल्याला हात करायचा राहून गेला, ते अजून मनात आहे. ही गाडी इतकी बुटकी आहे की ट्रकच्या काचेतून ती दिसतेच असं नाही. मी मागे उंचावर एक जादा ब्रेकचा दिवा लावलाय, आणि लांबच्या प्रवासात पुढचे दिवे दिवसाही चालू ठेवतो.

कागदांचं थोडक्यात. नोंदणीत गाडीचं जे वर्णन आहे तेच विम्याच्या अर्जात लिहा, प्रतिकृती आहे हे स्पष्ट सांगा, आणि विमा ठरवून घेतलेल्या किमतीचा घ्या. नाहीतर अपघातानंतर जुन्या बीटलची किंमत हातात पडते. किटच्या पावत्या आणि बांधणीचे फोटो जपून ठेवा, किंमत ठरवताना तेच उपयोगी पडतात.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी झाकण उघडून अंगठ्याने पट्टा दाबला, तर अडीच सेंटीमीटर खाली गेला. नवा पट्टा पहिल्या काहीशे किलोमीटरांत असाच सैलावतो. मधला एक वॉशर काढून बाहेर लावला, नट आवळला, हात धुतले आणि ऑफिसला निघालो.