‘आदेशासाठी बंद’: सोसायटीच्या थकबाकी वसुलीचा माझा अनुभव

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एका सभासदाने मेंटेनन्स भरणं बंद केलं. कारण काय, तर बाथरूमच्या छतातून होणारी गळती. जिन्यात भेटले की म्हणायचे, “वहिनी, आधी वरच्यांची गळती बंद करा, मग पैशांचं बघू.” गळती खरी होती आणि वरच्या घरमालकांच्या मागे लागून ते काम आम्ही करूनही घेतलं. पैसे मात्र आले नाहीत. तक्रार आहे म्हणून मेंटेनन्स रोखून धरता येत नाही. वॉचमनचा पगार, लिफ्टची वीज, पाण्याचं बिल कुणासाठी थांबत नाही, ते बाकीच्यांच्या पैशातून जातं. त्यात निवृत्तिवेतनावर जगणारे आजी-आजोबाही असतात. खजिनदार म्हणून मला सगळ्यात जास्त तेच लागत होतं.

नोटिसा, कमिटीचा ठराव, सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करण्याच्या आदेशासाठी) अर्ज, चौकशी शुल्क, हे सगळं सुरळीत झालं. एकच सांगते: अर्ज कलम 154ब-29 खाली करा. 2019 च्या दुरुस्तीने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, तेव्हापासून हेच कलम लागू आहे. कलम 101 चे जुने छापील नमुने अजून फिरत असतात, ते वापरू नका.

अडलं ते सुनावणीत. पहिल्या तारखेला समोरचे आलेच नाहीत. त्यांना पाठवलेलं टपाल ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आलेलं. माणूस रोज संध्याकाळी गॅलरीत उभा दिसतो आणि पाकिटावर ‘घर बंद’! नोटीस बजावल्याचा पुरावा नाही म्हणून पुढची तारीख पडली. मग आम्ही ती नोटीस त्यांच्या दारावर डकवली, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन पंचनामा केला आणि तारीख-वेळ दिसेल असा फोटो जोडला. त्यानंतर ते वकील घेऊन आले आणि म्हणणं मांडायला मुदत मागितली. ती मिळाली. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली.

अखेर दोन्ही बाजू ऐकून झाल्या आणि रोजनाम्यावर, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीवर, शेरा पडला, ‘आदेशासाठी बंद’; सुनावणी संपली, आता फक्त लेखी आदेश यायचा. मला वाटलं, संपलं. आदेश काही येईना. टेबलावर विचारलं की उत्तर एकच, “साहेबांच्या सहीला आहे.” असेच महिने गेले आणि एके दिवशी कळलं की साहेबांची बदली झाली. नवे अधिकारी म्हणाले, सुनावणी मी घेतलेली नाही, मी आदेश कसा देऊ? त्यांचं बरोबरच होतं. ज्याने ऐकलं त्यानेच निकाल द्यावा. पण मग ज्यांनी ऐकलं त्यांनी जाण्याआधी चार ओळी का लिहिल्या नाहीत? बदली झाल्याचं आम्हाला साधं कळवलंही नाही. त्या टेबलाशी उभी असताना आलेला संताप आजही उतरलेला नाही.

फेरसुनावणी लागली. तोवर थकबाकी वाढलेली, म्हणून खतावणीचा, म्हणजे त्या सभासदाच्या खात्याच्या हिशेबाचा, नवा उतारा कार्यालयाने आमच्याकडे मागितला. इथे रोजनाम्याच्या नकला कामी आल्या. प्रत्येक तारखेनंतर मी रीतसर अर्ज करून नक्कल घेत होते. त्यामुळे वकिलांनी पुन्हा मुदत मागितली तेव्हा आधी किती वेळा मागितली होती ते साहेबांपुढे कागदावरच ठेवता आलं. या वेळी मुदत मिळाली नाही. फाइल आदेशासाठी बंद झाली की गप्प बसू नका. दर पंधरवड्याला लेखी स्मरणपत्र द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

उताऱ्याचं राहिलंच. मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यांत दाखवा. आमच्या उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) व्याज सरळव्याजाने, जास्तीत जास्त दरसाल 21 टक्के. बऱ्याच ठिकाणी बिलाचं सॉफ्टवेअर व्याजावर व्याज चढवतं आणि समोरचा वकील नेमकं तेच पकडतो. आम्ही आधीच वहीवर आकडेमोड करून ताडून घेतलं होतं, त्यामुळे आमचा एक रुपयाही कापला गेला नाही. याचा मला अभिमान आहे.

पाणी तोडा, असं सभेत कुणीतरी म्हणतंच. अजिबात तोडू नका. कायद्याने आपणच अडकतो, शिवाय त्या घरातल्या मुलांचा काय दोष?

अखेर आदेश झाला आणि वसुली दाखला हातात आला तेव्हा मी कार्यालयाच्या जिन्यातच बसून तो पूर्ण वाचला. या दाखल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. कलम 156 आणि 1961 च्या नियमांतील नियम 107 प्रमाणे वसुली अधिकारी मागणी नोटीस देतो, तरी पैसे आले नाहीत तर जप्ती. आमच्याकडे मागणी नोटिशीवरच काम झालं. त्या गृहस्थांनी कमिटीच्या हातात चेक दिला आणि लगेच म्हणाले, आता वसुली थांबवल्याचं पत्र द्या. आम्ही चेक वटेपर्यंत दिलं नाही. तुम्हीही देऊ नका.