पाण्याचा काटा मधोमध असतो, तरी गाडी का मंदावते?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. मावळात नानोलीला गाड्या भरधाव पळवायचा ट्रॅक झाल्यापासून पुण्यात हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि चेन्नईजवळच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर जाऊन आलेली मंडळीही तोच विचारतात. तक्रार अशी असते: पहिले सेशन, म्हणजे ट्रॅकवर सलग गाडी पळवायची पाळी, उत्तम गेले. दुसऱ्यात काही लॅपनंतर, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांनंतर, गाडीने ताकद काढून घेतली, गिअर अडखळू लागले, खालून जळका वास आला, पण पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र मधोमधच होता. तेव्हा आता मोठा रेडिएटर बसवावा का? बहुतेक वेळा माझे उत्तर ‘नको’ असेच असते. तो काटा इंजिनातल्या कूलंटची खबर देतो, आणि तीही पुरती देत नाही. पुष्कळ गाड्यांत कूलंट साधारण 75 ते 105 अंशांच्या दरम्यान कुठेही असले तरी काटा मध्यावरच धरून ठेवलेला असतो. तुमची तक्रार ज्या उष्णतेबद्दल आहे ती इंजिनाच्या पुढे, क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमध्ये (ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरांच्या संचात) निर्माण होते, आणि तिथले तापमान दाखवणारा काटा बहुतेक गाड्यांत नसतोच.

ही उष्णता किती असते, याचा अंदाज हिशेब केल्याशिवाय येत नाही. मागच्या चाकांवर चालणारी 300 अश्वशक्तीची गाडी घ्या, म्हणजे सुमारे 220 किलोवॅट. तिच्या डिफरेन्शियलमध्ये पिनियन (ताकद आणणारा छोटा गिअर) क्राउनच्या (तो फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेच्या खाली बसवलेला असल्यामुळे त्यांचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतातही, आणि या घासण्यात येणाऱ्या ताकदीपैकी तीन-चार टक्के उष्णतेच्या रूपाने जातात. पूर्ण अॅक्सिलरेटरवर ही उष्णता सात-आठ किलोवॅट होते. ब्रेक आणि वळणे धरून लॅपची सरासरी त्याच्या निम्मी मानली, तरी न्हाणीघरातला तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर सबंध सेशनभर त्या हाउसिंगच्या आत चालू ठेवल्यासारखे ते होते. आत तेल असते जेमतेम लिटरभर. हाउसिंग आणि गिअरचे लोखंड तीस-पस्तीस किलो धरले, तर हवेने काहीच उष्णता नेली नाही असे मानून तापमान मिनिटाला दहा-बारा अंशांनी चढते. हवा काही भाग नेते, हे खरे. परंतु हा भाग गाडीच्या पोटाखाली, मागे, सायलेन्सरच्या शेजारी असतो, आणि चेन्नईच्या उन्हाळ्यात तिथवर पोचणारी हवा मुळातच तापलेली असते.

दुसऱ्याच सेशनमध्ये गाडी का आखडते, याचे उत्तर याच हिशेबात आहे. इंजिनाला रेडिएटर, पंखा आणि पंप असल्यामुळे ते लवकर तापते आणि लवकर निवतेही. लोखंडाचा तो गोळा उशिरा तापतो आणि त्याहून उशिरा निवतो, कारण गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) थांबली की तेल उडायचे थांबते, वाराही थांबतो. मधल्या विश्रांतीत चहा होतो, टायरची हवा तपासून होते, पाण्याचा काटा जागेवर असतो, म्हणून गाडी थंड झाली असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात डिफरेन्शियलमधले तेल अजून शंभर अंशांच्या आसपास असते आणि दुसरे सेशन तिथून सुरू होते. माझ्या मते ट्रॅक डेच्या, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाच्या, नियोजनात लॅप किती मारल्या यापेक्षा सेशन कोणत्या तापमानाला सुरू केले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

हे फक्त हौशी मंडळींचेच होते असे समजू नका. फोर्डच्या 2016 सालच्या शेल्बी जीटी350 या स्पोर्ट्स कारमध्ये ट्रॅक पॅकेज घेतलेल्या गाड्यांना गिअरबॉक्सचा आणि डिफरेन्शियलचा स्वतंत्र कूलर होता, बेस आणि टेक्नॉलॉजी पॅकेजच्या गाड्यांना नव्हता. कूलर नसलेल्या गाड्या ट्रॅकवर तापून लिंप मोडमध्ये (स्वतःच्या बचावासाठी ताकद कमी करण्याच्या अवस्थेत) जाऊ लागल्या, अमेरिकेत मालकांनी 2017 मध्ये कंपनीवर दावा लावला, आणि 2017 च्या मॉडेलपासून हे कूलर सर्वच गाड्यांना देण्यात आले. इंजिन दोन्ही प्रकारांत तेच होते.

आपल्याकडे ट्रॅकवर दिसणाऱ्या गाड्या मात्र बहुतांशी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. त्यांचे डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात, त्याच तेलात असते. दाते साध्या तिरप्या कापाचे असल्यामुळे घर्षण कमी होते, आणि खरी चिंता क्लचची उरते. इथे फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या डीएसजीचे, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, दोन प्रकार वेगळे समजून घ्यावे लागतात. जुन्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमधला सहा गिअरांचा डीएसजी ओल्या क्लचचा आहे. त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, ते तेल इंजिनाच्या कूलंटवर थंड होते आणि त्याचे तापमान मोजणारा सेन्सरही आत असतो. या एका गाडीत रेडिएटर सुधारल्याचा फायदा गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. पोलो जीटी टीएसआय किंवा व्हर्टस जीटीमधला सात गिअरांचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. तो 250 न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतच्या इंजिनांसाठी बनवलेला आहे, आणि व्हर्टसचे दीड लिटरचे इंजिन नेमका तेवढाच टॉर्क देते. इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे रीमॅप करून, त्यावर आणखी टॉर्क चढवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कोरडा क्लच ट्रॅकवर भरधाव जाताना फारसा तापत नाही, कारण गिअर बदलताना तो क्षणभरच घसरतो. तो तापतो पिटच्या तोंडाशी लागलेल्या रांगेत, जिथे गाड्या हातभर पुढे सरकतात आणि थांबतात, आणि प्रत्येक सरकण्यात क्लच अर्धवट घसरत राहतो. माझ्या पाहण्यात ‘ट्रॅकवर डीएसजी तापला’ अशा ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बऱ्याच वास्तविक रांगेतल्या होत्या. पुढच्या गाडीला दोन गाड्यांचे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच, ठामपणे पुढे जावे. लाँच कंट्रोलची (उभ्या गाडीतून झटक्यात सुटण्याच्या सोयीची) हौस असल्यास ती एकदा भागवून सोडून द्यावी. याच गाड्यांत आतले चाक घसरू नये म्हणून ब्रेक लावणारी यंत्रणा असते. वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर लवकर दाबला, तर डिफरेन्शियलचे काम पुढच्या आतल्या ब्रेककडे जाते आणि तो नाहक भाजतो.

बाकी उपाय स्वस्त आहेत. शेवटची लॅप वरच्या गिअरमध्ये, ब्रेक जवळजवळ न वापरता काढावी. ती इंजिनापेक्षा डिफरेन्शियलला जास्त उपयोगी पडते, कारण तिथे वाऱ्याशिवाय दुसरे काही पोचतच नाही. वेळ मोकळा असल्यास पिटमध्ये येऊन थांबण्याऐवजी पॅडॉकच्या (पिटमागच्या गाड्या उभ्या करायच्या आवाराच्या) रस्त्याने सावकाश एक फेरी मारावी.

मोजमापासाठी हाउसिंगवर चिकटवायच्या तापमानाच्या पट्ट्या मिळतात. त्यावरचा प्रत्येक चौकोन ठरावीक अंशाला कायमचा काळा पडतो, त्यामुळे दिवसाचे सर्वोच्च तापमान संध्याकाळी जॅकवर गाडी घेऊन सावकाश वाचता येते. आतले तेल पट्टीच्या आकड्यापेक्षा गरमच असणार, एवढे गृहीत धरावे. पट्टी 120 अंशांपर्यंत काळी पडली असेल, तर तेल त्या आठवड्यात बदलावे. कारण दर दहा अंशांच्या वाढीला तेल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि साध्या रबराची ऑइल सीलेही याच सुमाराला कडक होऊ लागतात. तेल काढताना ड्रेन नटचे चुंबक बोटाने पुसून पाहा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. त्यात नखाला टोचणारे कण लागले, तर तेल बदलून भागणार नाही, हाउसिंग उघडावेच लागेल. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र ‘जास्त दणकट’ म्हणून जीएल-5 दर्जाचे गिअर ऑइल परस्पर ओतू नका. त्यातली गंधकाची द्रव्ये सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी कड्यांना बाधू शकतात, म्हणून कंपनीने जीएल-4 सांगितले असेल तर तेच, पण पूर्ण सिंथेटिक घ्यावे.

एवढे सगळे करूनही पट्टी काळी पडतच राहिली, तरच कूलरचा विचार करावा. त्यासाठी स्वतंत्र विजेचा पंप लागतो, आणि तो तापमानाच्या स्विचवर चालावा, कारण थंड, घट्ट तेल ढकलताना पंपाची मोटर जळते. कूलर बसवायची जागा मात्र गाडी जॅकवर चढवून, वारा खरोखर कुठून जातो ते पाहूनच ठरवावी. मागच्या बंपरच्या आत, वारा न लागणाऱ्या पोकळीत बसवलेले महागडे कूलर मी पाहिले आहेत.